तंबाखूची धूळ आणि फितीवरची धूळ : निपाणीच्या एका चित्रपटाची घरगुती आवृत्ती

पुनःप्राप्त चित्रपट ही संज्ञा संग्राहकांच्या व्यवहारात काटेकोरपणे वापरावी लागते, कारण हरवलेला चित्रपट, दुर्मिळ चित्रपट आणि नजरेआड झालेला चित्रपट या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांची गल्लत झाली की शोधाची दिशाच चुकते. ज्याचे रीळ कोठेही शिल्लक नाही तो हरवलेला. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात तयार केलेला १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ या वर्गात मोडतो, आणि त्याच कथेवर १९३६ साली निघालेला बोलपट त्याची उणीव भरून काढू शकत नाही. ज्याच्या प्रती मोजक्या आहेत, पण त्या कोणाकडे आहेत हे ठाऊक आहे, तो दुर्मिळ. नजरेआड झालेल्या चित्रपटाची स्थिती मात्र या दोहोंपेक्षा अधिक क्लेशकारक असते, कारण त्याची निगेटिव्ह किंवा एखादी प्रत कोठेतरी शाबूत असते, तो करणारी माणसे हयात असतात, ज्यांच्यावर तो केला त्यांच्यापैकीही पुष्कळजण हयात असतात, आणि तरीही मधली तीस-चाळीस वर्षे तो कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. स्वतंत्र चित्रपट, म्हणजे स्टुडिओ, वितरक आणि चित्रगृहांची साखळी यांच्या पैशावर अवलंबून न राहता केलेला चित्रपट, बहुधा या तिसऱ्या वर्गात जातो. त्याला वितरक नसतो, म्हणून त्याची प्रत जपण्यात कोणाचाही आर्थिक स्वार्थ नसतो.

असा चित्रपट पुन्हा हाती येतो तेव्हा तो आधी महोत्सवात दाखवला जातो, त्यावर लेख लिहिले जातात, आणि मग, योग असेल तर, त्याची घरगुती आवृत्ती निघते. घरगुती आवृत्ती म्हणजे घरच्या यंत्रावर पाहता येईल अशी विकत मिळणारी प्रत, मग ती व्हीएचएस कॅसेट असो, व्हीसीडी असो, डीव्हीडी असो की ब्लू-रे. संग्राहकांच्या दृष्टीने चित्रपटाचे खरे पुनरागमन येथे घडते, कारण महोत्सवातला खेळ एकदा होतो आणि संपतो, तर घरात असलेली प्रत थांबवता येते, मागे नेता येते, शेजाऱ्याला दाखवता येते आणि तिच्यावर वाद घालता येतो.

बेळगाव आणि निपाणीच्या पट्ट्यातील संग्राहकांची घडण या सगळ्या माध्यमांतून झाली आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हीसीआर आला. तो विकत घेणे थोड्यांनाच परवडत असल्याने रात्रीपुरता टीव्हीसकट भाड्याने आणून पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहण्याची रीत पडली, आणि भाड्याच्या कॅसेटांच्या दुकानांत मराठी, कन्नड आणि हिंदी कॅसेटा एकाच फळीवर राहू लागल्या. सीमाभागाच्या संग्राहकाचे कपाट आजही तसेच त्रिभाषिक आहे. पुण्या-मुंबईचा संग्राहक गिरीश कासरवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’ परभाषेतला चित्रपट म्हणून जमवतो, तर बेळगावच्या संग्राहकाला तो शेजारघरचा वाटतो. आणि भाषेवरून इतकी दशके तंटा चाललेल्या मुलुखात हे कपाट ही एक मोलाची गोष्ट आहे, असे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. व्हीसीडीच्या काळात चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत तुटून येऊ लागला, आणि २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा चित्रपट विकत घेऊन घरी ठेवणे ही चैन राहिली नाही.

या कामात कौतुकापेक्षा निगराणी अधिक असते. बेळगावच्या पावसात भिंतीला लागून ठेवलेल्या कॅसेटवर बुरशी धरते, ती पांढरट रेषेच्या रूपाने गुंडाळीच्या कडेवर दिसते, आणि तशी कॅसेट यंत्रात घातली की यंत्राचे हेड तर खराब होतेच, शिवाय त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. म्हणून पावसाळा सरल्यावर प्रत्येक कॅसेट उघडून पाहणे, ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळणे, आडवी न ठेवता उभी ठेवणे, आणि डब्यावरच्या नावावर विसंबून न राहता आतली फीत खरोखर कोणती आहे हे तपासणे, अशी कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. या पट्ट्यातील एका संग्राहकाने दूरदर्शनवरून ध्वनिचित्रमुद्रित केलेली एका लघुपटाची एकुलती एक कॅसेट तबकडीवर उतरवण्यासाठी दूरच्या शहरातल्या एका केंद्राकडे दिली, तेव्हा परत आलेल्या तबकडीवर चित्रपटाचा निम्माच भाग होता आणि सोबत आलेली कॅसेट दुसऱ्याच कोणाची होती. त्या दिवसापासून मूळ प्रत हातातून जाऊ द्यायची नाही, यंत्रच घरी आणायचे, हा नियम ओळखीच्या सगळ्या संग्राहकांनी स्वीकारला.

अशा मंडळींच्या बैठकीत गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा झालेला चित्रपट परदेशातून आलेला असला तरी मूळचा त्यांच्याच गावचा आहे. १९८० मध्ये बंगळूरमध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा चित्रपटगट स्थापन केला. स्त्रियांच्या प्रश्नांवर स्त्रियांच्या सहभागाने चित्रपट करणारा भारतातला हा पहिला गट मानला जातो. घरकाम करणाऱ्या पुण्याच्या स्त्रियांच्या संघटनेवरचा ‘मोलकरीण’ हा १९८१ चा चित्रपट झाल्यावर हा गट निपाणीला आला, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांबरोबर काही महिने राहिला, आणि १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा सुमारे २५ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट तयार झाला. तो १६ मिलिमीटर फितीवर चित्रित झालेला आहे. १६ मिलिमीटर म्हणजे चित्रगृहातल्या ३५ मिलिमीटर फितीपेक्षा अरुंद, हलक्या कॅमेऱ्यात बसणारी आणि शाळेच्या पटांगणातही लहान प्रक्षेपकावर दाखवता येणारी फीत, जी मिनिटाला ३६ फूट या वेगाने धावते, त्यामुळे हा सारा चित्रपट ९०० फुटांत मावतो.

त्या वेळची निपाणी समजल्याशिवाय चित्रपटाचे वजन कळत नाही. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ; पिकवणारा शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि वखारीच्या आत पाला चाळणाऱ्या, निवडणाऱ्या, तोंडाला फडके बांधून भुकटीत दिवस काढणाऱ्या बायका. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्याचा शेवट झाला. त्या आंदोलनाची आठवण मराठीत वारंवार काढली जाते. वखारीतल्या स्त्रियांचा लढा मात्र त्या मानाने विस्मृतीत गेला. अनिल अवचट यांनी निपाणीच्या कामगार स्त्रियांविषयी मराठीत लिहिले, हे खरे. पण वखारीच्या दाराआड कॅमेरा नेणे, त्या बायकांना आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगू देणे, आणि काम बंद पाडल्याचे प्रसंग त्यांच्याकडूनच पुन्हा उभे करून घेणे, हे या चित्रपटाने केले. पुन्हा उभे करणे म्हणजे घडून गेलेली घटना ज्यांच्या बाबतीत घडली त्यांनीच कॅमेऱ्यापुढे करून दाखवणे. वृत्तचित्राच्या शिस्तीत ही पद्धत काहींना खटकते, परंतु ज्या घटनेच्या वेळी कॅमेरा आत येऊच शकत नव्हता तिच्याविषयी याहून प्रामाणिक मार्ग दिसत नाही.

अशा चित्रपटांचे खेळ संघटनांच्या बैठकांत, वस्त्यांत, महाविद्यालयांत होत असत, प्रती झिजत असत, आणि प्रक्षेपक अडगळीत गेले तसे चित्रपटही गेले. ‘युगांतर’च्या चित्रपटांना पुन्हा उजेड दिसला तो बर्लिनच्या अर्सेनल या चित्रपट-संस्थेत, जिथे अभ्यासक निकोल वुल्फ यांच्या पुढाकाराने २०१९ च्या सुमारास त्यांचे अंकीकरण, म्हणजे फितीची प्रत्येक चौकट यंत्राने टिपून तिचे संगणकीय प्रतिमेत रूपांतर करणे, पार पडले आणि ते पुन्हा दाखवले जाऊ लागले. याच संस्थेने तेंडुलकरांच्या नाटकावरून ‘युक्त’ या सहकारी गटाने १९७६ मध्ये केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटाची प्रत जपली आणि तिचे अंकीकरण केले. जुना मराठी चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात शोधण्याची सवय असलेल्या संग्राहकाला तो बर्लिनमध्ये सापडतो, याचे कारण सरळ आहे: महोत्सवासाठी गेलेली प्रत तिकडे राहिली आणि तिकडच्या लोकांनी ती टाकून दिली नाही. याबद्दल त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मानावे, आणि त्याच वेळी इकडे किती प्रती टाकून दिल्या गेल्या असतील याची खंतही बाळगावी.

संग्राहकांच्या बैठकीत अशा चित्रपटाविषयी पहिला प्रश्न निघतो तो कालावधीचा, आणि परक्याला तो क्षुल्लक वाटतो. फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते, तर भारत आणि युरोपात प्रचलित असलेली पॅल ही दूरचित्रवाणीपद्धती सेकंदाला २५ चौकटी दाखवते. जुन्या कॅसेटा आणि डीव्हीडी करताना बहुधा चित्रपट त्याच वेगाने पळवला जाई, आणि २५ मिनिटांचा चित्रपट २४ मिनिटांत संपे. गेलेले मिनिट कापलेले नसते, पण आवाज सुमारे चार टक्के चढतो. गाण्याच्या चित्रपटात हे जाणकारालाच कळते. मात्र जिथे तंबाखूच्या भुकटीने घसा बसलेली बाई बोलते तिथे तिचा आवाज वर सरकवणे म्हणजे तिच्या शरीरावरची कामाची खूण थोडी पुसणे होय. म्हणून डब्यावर छापलेला कालावधी आणि प्रत्यक्ष कालावधी पडताळून पाहणे हा संग्राहकाचा छंदिष्टपणा नसून तो पुराव्याची तपासणी करत असतो.

दुसरा मुद्दा स्वच्छतेचा, आणि या चित्रपटाच्या बाबतीत तोच सर्वांत गहन आहे. जुन्या फितीवर धूळ बसलेली असते, चरे पडलेले असतात. पुनरुज्जीवनात, म्हणजे जुनी प्रतिमा मूळच्या जवळ नेण्याच्या कामात, संगणकाला असे ठिपके शोधून पुसायला सांगता येते, आणि संगणक ते एका साध्या खुणेवरून ओळखतो, ती खूण अशी की ठिपका एका चौकटीत दिसतो आणि पुढच्या चौकटीत तेथे नसतो. आता वखारीच्या झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत उडणारी तंबाखूची भुकटी याहून वेगळी कशी ओळखायची? तीही क्षणभर चमकते आणि सरकते. बेफिकीर हाताने केलेल्या सफाईत फितीवरच्या धुळीबरोबर वखारीतली धूळही नाहीशी होऊ शकते, आणि ज्या धुळीच्या विरोधात त्या बायका उभ्या राहिल्या तीच चित्रातून गेली तर मागे उरलेले चित्र देखणे असूनही खोटे ठरेल. ज्या संग्राहकांच्या घरातली आई किंवा आत्या वखारीत जात होती ते या मुद्द्यावर फार आग्रही असतात. थोडे चरे राहिले तरी चालतील, पण हवेतले काही पुसू नये, असे ते निक्षून सांगतात. सफाई हाताने, चौकट-चौकट पाहून व्हावी आणि ती कोठवर केली हे आवृत्तीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असावे, ही त्यांची मागणी रास्त आहे.

तिसरा वाद शब्दांचा. इंग्रजीत या चित्रपटाला तंबाखूचे निखारे या अर्थाचे नाव आहे, आणि ते वाईट नाही. परंतु निखारा बाहेरून लालभडक दिसतो, तर ऊब दिसत नाही, हात लावला तर कळते. ढीग घातलेल्या तंबाखूत आतल्या आत उष्णता धरते हे या भागात पोराटोरांनाही माहीत असते, आणि वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या बायकांची संघटना कशी बांधली जाते याचे वर्णन त्या एका शब्दात येऊन जाते. शीर्षकातला ‘चाकी’ हा शब्द तर ज्यांनी वखारीत हात काळे केले त्यांनाच नेमका उलगडून सांगता येईल. सीमाभागातल्या मराठीत कन्नडचे शब्द आणि कन्नडचे हेल मिसळलेले असतात, त्यामुळे पडद्याच्या तळाशी येणारी भाषांतरित वाक्ये, ज्यांना सबटायटल म्हणतात, ती प्रमाण भाषा जाणणाऱ्याकडून करून घेणे पुरेसे होत नाही. अशा वाक्यांखाली टीप लागते, आणि टीप लिहिणारा गावचा लागतो. हे काम बर्लिनहून होणार नाही. ते निपाणीत, चिकोडीत किंवा बेळगावातच होऊ शकते, आणि येथील संग्राहक चित्रपटाची प्रत मिळवण्याइतकेच महत्त्व या टिपांना देतात, ही त्यांच्या कामातली सर्वांत चांगली बाब आहे.

घरगुती आवृत्तीने विस्मृतीतल्या चित्रपटाचे भाग्य कसे पालटते याची उदाहरणे परदेशात आहेत. अमेरिकेत कॅथलीन कॉलिन्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने १९८२ मध्ये, म्हणजे निपाणीच्या चित्रपटाच्याच वर्षी, ‘लूझिंग ग्राउंड’ हा चित्रपट केला. तो चित्रगृहांपर्यंत पोहोचला नाही, १९८८ मध्ये कॉलिन्स वारल्या, आणि त्यांच्या मुलीने निगेटिव्ह सोडवून आणल्यावर माइलस्टोन या वितरणसंस्थेने २०१५ मध्ये तो प्रदर्शित केला आणि पुढे त्याची तबकडी काढली. चार्ल्स बर्नेट यांचा १९७० च्या दशकातला ‘किलर ऑफ शीप’ तर त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरता न आल्याने अडकून पडला होता आणि २००७ मध्ये सुटला. या दोन्ही चित्रपटांच्या बाबतीत तबकडीबरोबर दिग्दर्शकाची इतर कामे, मुलाखती आणि टिपणे आली, आणि चित्रपट एकटा न येता आपल्या माणसांसह आला. भारतात आनंद पटवर्धन यांच्यासारख्या वृत्तचित्रकारांनी आपल्या चित्रपटांच्या तबकड्या स्वतः विकून हाच मार्ग चोखाळला. ‘युगांतर’चे चित्रपट आज संगणकावर पाहता येतात, मग तबकडी हवी कशाला, असा प्रश्न तरुण संग्राहक विचारतात, आणि त्याचे उत्तर असे की जालावरचा चित्रपट ठेवणाऱ्याच्या मर्जीने राहतो आणि त्याच्यासोबत टिपा असलेली पुस्तिका कपाटात राहत नाही. शिवाय ज्यांच्यासाठी हे करायचे त्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या बायकांना नातवाच्या हातातल्या लहान पडद्यापेक्षा घरातल्या टीव्हीवर, शेजारणींच्या सोबत बसून पाहणे सोयीचे जाते. चित्रपट मुळात असाच, दाटीवाटीने बसून पाहण्यासाठी केलेला होता.

परदेशी तबकडी घेताना आणखी एक अडसर येतो. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत, भारत पाचव्या विभागात आणि जर्मनी दुसऱ्या, त्यामुळे तिकडची तबकडी इकडच्या यंत्रावर चालेलच असे नसते. जाणकार सर्व विभाग वाचणारे यंत्र ठेवतात. हा अडसर यंत्राने सुटतो.

यंत्राने न सुटणारा प्रश्न नावांचा आहे. पडद्यावर दिसणाऱ्या अनेक स्त्रियांची नावे पाहणाऱ्याला कळत नाहीत, आणि चित्रपट होऊन चाळीसहून अधिक वर्षे झाल्याने ती सांगू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचेही २०२३ मध्ये निधन झाले. दिग्दर्शक, छायालेखक आणि संस्था यांची नावे छापून जी आवृत्ती निघेल तिच्यात, ज्यांचे श्रम आणि ज्यांचे चेहरे या चित्रपटाचा विषय आहेत त्यांची नावे, त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची संमती घेऊन, यायला हवीत. तोवर ती आवृत्ती अपुरी मानावी. संग्राहकाने या कामी तबकड्यांची देवघेव थोडी बाजूला ठेवून वही-पेन घेऊन गल्लीत जाणे अधिक उपयोगाचे आहे. चित्रपट थांबवून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवले की ‘ही अमकीची सासू’, ‘ही पलीकडच्या गल्लीतली, पुढे मुलाकडे इचलकरंजीला गेली’ अशी ओळख पटू लागते, हा अनुभव जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत सर्वांनाच आहे आणि तो फितीच्या बाबतीतही खरा ठरतो.

म्हणून निपाणी, चिकोडी आणि बेळगाव परिसरातील वाचकांना विनंती अशी की घरातल्या कोणी वखारीत काम केले असेल तर त्यांना हा चित्रपट दाखवावा, त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून तारीख घालून ठेवावे, आणि माळ्यावर जुन्या कॅसेटा किंवा फितीचे डबे असतील तर भंगारात देण्यापूर्वी ते उघडून पाहावेत. डब्याला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर आतली फीत सडू लागली आहे, आणि ती पुण्याच्या संग्रहालयापर्यंत पोहोचवण्यास उशीर करू नये.